मातेच्या हातावरचं तांबं

१

ओठांनी चांदी झिजते, हे कालिनोवेत्स गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण चांदीतून रक्त आलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

मातेच्या सणाची सकाळ होती. बाहेर ऑगस्टचं ऊन द्राक्षांच्या मण्यांत उतरत होतं आणि चर्चच्या आत मेणबत्त्यांचा आणि तुळशीचा वास एकमेकांत मिसळला होता. बायकांची रांग अंगणातल्या विहिरीपर्यंत गेली होती. पवित्र मातेच्या तसबिरीवर चांदीचं वस्त्र होतं. मातेचा आणि बाळाचा चेहरा तेवढा उघडा, बाकी सगळी ठोकीव चांदी. जो येई तो मातेच्या उजव्या हातावर ओठ टेकवी आणि पुढे सरके. चर्चची झाडलोट करणाऱ्या त्सोना आजीनं पहाटेच तो हात राखेनं घासून आरशासारखा केला होता.

एक नवी नवरी वाकली, उठली आणि किंचाळली.

"रक्त! मातेच्या हाताला रक्त!"

धाडधाड गुडघे टेकले गेले. कुणी रडू लागलं, कुणी छातीवर क्रूस काढू लागलं. उभी राहिली ती एकटी योर्दाना. गावच्या शाळेत ती पदार्थविज्ञान शिकवी. पन्नाशी ओलांडलेली, डोक्याला काळा रुमाल, आणि गावातल्या प्रत्येक लग्नाचं नि प्रत्येक मरणाचं गाणं तिला पाठ. ती पुढे झाली, अंगठा ओला करून तिनं त्या लाल डागावर फिरवला आणि हुंगला.

"पाद्रीबाबा, हे रक्त नाही. तांबं आहे."

"हळू बोल गं बाई," हारालाम्पी पाद्री कुजबुजले. "लोक गुडघ्यांवर आहेत."

"मग उठवा त्यांना." तिनं केसांतला आकडा काढून पत्र्याची कड उचलली आणि मागची बाजू पाहिली. चांदी ठोकून घडवली, की पुढच्या प्रत्येक उभाराला मागे खळगा असतो आणि खळग्यात हातोडीचे ठसे. इथे ठसा एकही नव्हता. मागची बाजू मोहरी पेरल्यासारखी दाणेदार लागली. "हे कुणी ठोकलेलं नाही. हे कणाकणानं वाढवलंय. तांब्याची नक्कल आहे, वर चांदीचा नुसता पापुद्रा. राखेनं आणि ओठांनी तो आज फाटला."

"आणि खरं वस्त्र?"

"ते गेलं."

भक्तीचा राग व्हायला वेळ लागत नाही. फौजदार वेल्को मिशीवरून हात फिरवत पुढे आला. "वाढवलंय कशानं, बाई?"

"विजेनं."

"झालं तर मग! गावात चांदीचं काम करणारा एकच. आणि दुकानात विजेची तार घेणारा पहिलाही तोच."

सगळ्या माना एकदम वळल्या. खांबाशी स्तामेन सोनार उभा होता, योर्दानाच्या गेलेल्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो मातेच्या लाल हाताकडे पाहत राहिला, घरचं कुणी भाजलं असावं तसा.

दुपारपर्यंत त्याच्या दुकानाच्या सगळ्या काचा फुटल्या होत्या.

"शहरातून गाडी मागवलीय," वेल्को म्हणाला. "दिवे लागले की त्याला पाठवणार. हातकडी घालून, चौकातून."

"दिवे लागेपर्यंत तो इथे आहे ना?" योर्दाना म्हणाली. "मग तोवर मला बोलू द्या."

२

कचेरीमागच्या खोलीत स्तामेन बाकावर बसला होता. तिनं रुमालाखाली झाकलेलं, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचं ताट पुढे केलं.

"बानित्सा आहे. खा."

"भूक नाही."

"चीज तुला आवडतं तसं जास्त घातलंय. खा म्हणते ना, मोठी आहे तुझ्याहून."

त्यानं तुकडा मोडला. बोटांची टोकं निळसर होती. वेल्कोनं तीही भर गर्दीत दाखवली होती: मोरचुदाचे डाग, तांबं चढवायला मोरचूदच लागतो! योर्दाना तेव्हा हसलीच होती. द्राक्षांवर फवारायला मोरचूद उन्हाळाभर घरोघरी कालवला जातो. पाद्रीबाबांची बोटंसुद्धा निळी होती. पांढरी बोटं एकट्या डॉक्टर लुकाची, कारण त्याला बाग नव्हती.

"सांग मला," ती म्हणाली, "वस्त्र तुझ्या हातून कसं गेलं?"

"नेहमीसारखं. दुष्काळ पडला, गावानं पाऊस मागायचं ठरवलं. त्या वेळी माता चांदी उतरवून शेतांत जाते. अंगावर दागिने घालून पाणी मागायला कोण जातं? मी वस्त्र उतरवलं, दुकानात नेऊन धुतलं आणि पाद्रीबाबांना परत दिलं. त्यांनी ते पेटीत ठेवलं, लाखेचा शिक्का मारला. पेटी गेली तारघरातल्या लोखंडी कपाटात."

"आणि पाऊस आला तेव्हा?"

"शिक्का अखंड होता, सगळ्यांनी पाहिला. पाद्रीबाबांनी आणि आजीनंच ते परत चढवलं. मी हात लावला नाही. म्हणून तर वेल्को म्हणतो, बदललं असेल तर शिक्क्याआधी. म्हणजे मीच."

"नकलेत झिजलेला हातही हुबेहूब आहे, स्तामेन."

"असणारच. तिथं मेण दाबून साचा घेतला असेल. झीज कुणी हातोडीनं घडवत नाही." त्यानं मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला. "माझ्या पणजोबाच्या पणजोबानं ते ठोकलं, योर्दाना. मला कोठडीची भीती नाही. पण उद्यापासून आमच्या घराचं नाव निघालं, की लोक थुंकतील. आज थुंकलेच."

"कोण?"

"त्सोना आजी."

योर्दाना उठली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. तिला थुंकणारीकडेच जायचं होतं.

३

त्सोना आजी ओसरीवर तुळस निवडत होती. योर्दानाला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"चोराची वकिली करायला आलीस?"

"तुळस निवडायला आले." ती शेजारी बसली आणि काड्या मोडू लागली. थोड्या वेळानं तिनं हलकेच गुणगुणायला सुरुवात केली. ते जुलैतलं गाणं होतं. पानांनी मढवलेली मुलगी दारोदार नाचते आणि घराघरातून तिच्यावर घागर रिकामी होते, त्या वेळचं:

*पानांची पाकोळी निघाली,*
*रानाची तहान घेतली,*
*ढगा रे, उतर ना खाली,*
*कणसाची मान लवली.*

आजीचा राग गाण्यापुढे फार टिकत नसे. "तीन-तीनदा नाचवली गं आम्ही पाकोळी यंदा," ती म्हणाली. "ढग म्हणून नाही! आभाळात पांढरा ठिपका दिसला तरी बायका ओट्या पसरून धावायच्या. पार डोंगरापर्यंत कोरडं. आणि त्यातच माझं ते दुःख."

"कसलं?"

"प्लोव्हदिवला सुनेला मुलगा झाला. लेकानं त्याच दिवशी तार केली. मला कधी मिळाली? बाळाचं बारसं झाल्यावर! महिनाभर तारघर आजारीच होतं. पार्वानला विचारलं, तर म्हणतो, आजी, तारेला ओल लागलीय. खांबावरचे चिनी मातीचे पेले भिजले, की वीज त्यांच्यावरून खाली उतरते आणि वाटेतच जमिनीत मुरते."

योर्दानाच्या हातातली तुळस तशीच राहिली.

"ओल? जुलैत?"

"मी अडाणी बाई. तो शिकलेला माणूस, सरकारी टोपीचा. तो म्हणाला ओल, मी म्हटलं ओल." आजीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू अशी का बघत्येस गं?"

४

तारमास्तर पार्वान दारातच भेटला. गोरा, नीटनेटका, कुणाला न दुखावणारा माणूस. खोलीतल्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत निळं पाणी, तांबं आणि जस्त. तार चालायची ती त्यांच्या जोरावर.

"बाई! वाईट झालं स्तामेनचं. हात चांगला होता त्याचा."

"आहे," योर्दाना म्हणाली. "तार कशी चाललीय आता?"

त्याचा चेहरा उजळला. "घंटेसारखी! पूर्वी खोकायची, माहीत आहे ना तुम्हाला? आता शहराचा मास्तर म्हणतो, पार्वान, तू शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू येतोस."

खिडकीतून अंगण दिसत होतं. भिंतीवरून एक उघडी तार खाली येऊन विहिरीजवळच्या मातीत शिरली होती. सगळं अंगण वाळून पिवळं, तेवढाच तुकडा हिरवागार. तिथला पुदिना मात्र कोवळा होता, नुकता लावलेला. तिथे कुदळ मारणारा जागीच जळून मरेल, अशी गावच्या पोरांना पार्वानची तंबी होती.

"थोड्या बरण्या द्याल? चर्चच्या अंगणात लोकांना एक प्रयोग दाखवायचाय."

पापणी लवावी इतक्यात त्याची नजर खिडकीकडे जाऊन परत आली. मग हसला. "तुमच्या शाळेला मी कधी नाही म्हटलंय?"

५

सूर्य बुरुजाला टेकला, तेव्हा अख्खं गाव अंगणात होतं. स्तामेन हातकडीत, त्याच्या बाजूला वेल्को. ओसरीवरच्या दिव्याची तार मधे तोडून योर्दानानं दोन टोकं मोकळी केली होती आणि मेजावर पेले मांडले होते.

"कुणी हात लावू नका," ती म्हणाली. "ही गावची वीज, धबधब्यावरून आलेली. बघू या ती कशाकशातून जाते." तिनं दोन्ही टोकं सूर्यफुलाच्या तेलात बुडवली. दिवा मुका. साखरेच्या पाण्यात बुडवली, तरीही मुका. पेलाभर राकियाच्या दारूत बुडवली.

"वाया घालवू नका हो बाई!" मागून कुणी ओरडलं आणि हशा पिकला. दिवा मात्र आंधळाच राहिला.

मग तिनं साध्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं आणि टोकं सोडली. दिवा भपकन पेटला. बायकांच्या तोंडून "अगं आई!" निघालं.

"आता मोरचुदाचं पाणी." दिवा तसाच पेटला.

"म्हणजे जाते!" वेल्को गरजला. "मोरचुदातून वीज जाते आणि तांबं चढतं. आरोपीच्या दुकानात हीच वीज आहे. मी स्वतः कानाकोपरा धुंडाळला, दुसरी कसली बरणी नाही, पेटी नाही. हीच तार!"

"जाते खरी. चढतं का, ते बघू." तिनं एका टोकाला तांब्याची पट्टी आणि दुसऱ्याला पाद्रीबाबांचा चांदीचा चमचा बांधून निळ्या पाण्यात सोडला. बऱ्याच वेळानं तिनं चमचा बाहेर काढून पुसला. गेला तसाच पांढराशुभ्र.

"चमच्यातच काही खोड असेल!" वेल्कोनं कमरेचा चाकू उपसला, टोकाला बांधला आणि पात्यासकट बुडवला. क्षणभरातच ओढून काढला.

पातं लालभडक झालं होतं.

जमाव गुरगुरला. स्तामेननं डोळे मिटले. कुणीतरी दगड उचलला.

६

"वेल्को," योर्दाना शांतपणे म्हणाली, "आता तार सोड आणि तोच खेळ पुन्हा कर."

"कसा? विजेशिवाय?"

"विजेशिवाय."

त्यानं चाकू पुसला आणि नुसता बुडवला. पुन्हा लाल. फौजदाराचं तोंड उघडंच राहिलं.

"लोखंड हावरट आहे. मोरचुदातलं तांबं ते स्वतःच ओढून घेतं, त्याला विजेची गरज नाही. चांदीला ती हाव नाही, मेणाच्या साच्याला तर मुळीच नाही. तिथे वीजच लागते. आणि गावची वीज काय करते? एका क्षणी पुढे, दुसऱ्या क्षणी मागे. मूठभर धान्य कणगीत टाकायचं आणि लगेच तेच उपसायचं. कणगी जन्मात भरायची नाही. स्तामेननं दुकानातली तार वर्षभर बुडवून ठेवली असती, तरी मातेचं एक बोटसुद्धा झालं नसतं." ती पार्वानच्या बरण्यांकडे वळली. "ही वीज मात्र एकाच दिशेला चालते."

तिनं बरण्यांच्या तारा जोडल्या आणि तोच चमचा तसाच सोडला. पाद्रीबाबांनी मनातल्या मनात प्रार्थना म्हटली, ती संपायच्या आत चमचा नवरीच्या गालासारखा तांबूस झाला.

लोक चमचा बघायला पुढे झुकले.

"एकदिश वीज माझ्याकडेच आहे थोडीच," पार्वान हसत म्हणाला. "डॉक्टरांचीही विजेची पेटी आहे, उपचाराची."

"माझी पेटी?" डॉक्टर लुका उसळला. "ती जुलैभर त्सोना आजीच्या गुडघ्याला बांधलेली होती! आणि तिच्यात जोर केवढा? गुडघासुद्धा बरा झाला नाही!"

"खरंय हो," आजी म्हणाली. "नुसत्या मुंग्या आल्या."

हशा उठला आणि मावळला. पार्वान पुन्हा बोलला, पण आता जरा घाईनं. "वस्त्राच्या पेटीवर पाद्रीबाबांचा शिक्का होता. अखंड. सगळ्यांनी पाहिलाय."

"पाहिला. जी वीज अख्खं वस्त्र उचलते, तिला लाखेवरचा अंगठ्याएवढा ठसा उचलायला कितीसा वेळ लागतो? आधी शिक्क्याचा साचा काढलास, मग पेटी उघडलीस. माता चांदी उतरवून रानात पाऊस मागत होती, तेव्हा तू तिची चांदी मेणात दाबत होतास. मेणातून वीज जात नाही, म्हणून त्याला पेन्सिलीतल्या शिशाची पूड चोपडलीस. मग सगळ्या बरण्या तिकडे जोडल्यास. आणि तार? तारेत वीज कुठली असणार, ती दुसऱ्याच कामाला लागली होती! लोकांना तू सवयीनं तोंडात बसलेलं कारण सांगितलंस: तारेला ओल लागलीय. एरवी वर्षभर ते खपलं असतं. पण ज्या महिन्यात अख्खं गाव एका ढगासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलं होतं, त्या महिन्यात तू ओलीचं नाव घेतलंस. तुला पावसाची आठवणच नव्हती, पार्वान. रानात न गेलेला माणूस गावात एकटा तूच."

त्सोना आजीच्या हातून काठी पडली.

"शब्द आहेत नुसते," पार्वान म्हणाला. "चांदी कुठे आहे? माझ्या घराची झडती घ्या."

"घर कशाला? एक सांगा मला, सगळ्यांनी. शहराकडे जाणारी तार एकच आहे. मग वीज परत कोणत्या वाटेनं येते?"

वेल्कोनं डोकं खाजवलं.

"जमिनीतून. म्हणून तारघराची एक तार मातीत जाते आणि तिच्या टोकाला पत्रा पुरलेला असतो. पत्रा जेवढा मोठा, माती जेवढी भुसभुशीत नि ओली, तेवढी वाट सोपी. वर्षानुवर्षं खोकणारी तार पाऊस पडल्यापासून घंटेसारखी वाजायला लागली. चला, का ते बघू या."

७

गाव तारघराच्या अंगणात लोटलं आणि हिरव्या तुकड्याच्या कडेला येऊन थबकलं. वेल्कोनं कुदळ घेतली आणि तसाच उभा राहिला.

"जळून मरतो म्हणे," तो पुटपुटला.

योर्दानानं रुमाल सारखा केला, पुढे झाली आणि उघडी तार मुठीत गच्च धरली. बायका किंचाळल्या. ती उभीच होती.

"पायाखाली माती, हातातली तारही मातीतच गेलेली. मारेल कोण?" ती म्हणाली. "वेल्को, त्याची हातकडी काढ. ही कुदळ त्याच्या हक्काची आहे."

फौजदारानं तिच्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

स्तामेननं कुदळ घेतली नाही. गुडघे टेकून, हातांनीच, जखमेवरची पट्टी सोडावी तशी त्यानं माती उकरली. पुदिना बाजूला झाला. काळा, चिखलानं माखलेला पत्रा दिसला, तार त्याला झाळलेली. त्यानं तो उलटा केला आणि शर्टाच्या बाहीनं एकदाच पुसला.

मावळतीचं ऊन त्या पुसलेल्या रेघेवर पडलं, तसं गावाच्या छातीतून एकच हुंकार निघाला. मागच्या बाजूला, प्रत्येक खळग्यात, त्याच्या पणजोबाच्या पणजोबाची हातोडी बोलत होती. मातीत आणखी काही खणखणलं: तांब्याचा शिक्का, पाद्रीबाबांच्या शिक्क्याचा जुळा भाऊ.

पार्वान विहिरीच्या कठड्यावर बसला. "एक शहरी माणूस घेऊन जाणार होता, सण झाल्यावर," तो म्हणाला. "जन्मभर लोकांच्या बातम्या ऐकल्या मी. बाळं, लग्नं, बढत्या. माझ्या नावाची तार एकदाही आली नाही. वाटलं, आपणच कुठेतरी निघून जावं."

"माझ्या नातवाची अडवलीस रे मेल्या!" त्सोना आजी म्हणाली. ती लटपटत स्तामेनपुढे आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतीच रडू लागली. स्तामेननं मातीचे हात पँटला पुसले आणि तिच्या खांद्यावर ठेवले.

"गुडघा कसा आहे, आजी?"

"मर मेल्या," ती हुंदक्यातून हसली.

शहरातून आलेली गाडी पार्वानला घेऊन गेली, चौकातूनच. तोवर घंटा वाजायला लागली होती. कुणीतरी ढोल आणला, कुणी सनई. सणाचं वर्तुळनृत्य सकाळी राहून गेलं होतं. कालिनोवेत्समध्ये त्या नाचाचं टोक धरायचा मान ज्याला मिळतो, त्याच्याविरुद्ध त्या वर्षी कुणी चकार शब्द काढत नाही. पाद्री हारालाम्पींनी लाल किनारीचा रुमाल उंच धरला. तो कुणाकडे जातो, हे पाहायला ढोलसुद्धा थांबला.

"स्तामेन!" ते ओरडले. "किती वेळ उभा करतोस म्हाताऱ्याला?"

त्यानं रुमाल घेतला आणि दुसरा हात योर्दानापुढे केला.

"मला नाचता येत नाही आता," ती म्हणाली.

"मोठी आहेस माझ्याहून. माझी लाज राख."

ती हसली आणि तिनं हात धरला. तिच्यामागे त्सोना आजी, तिच्यामागे डॉक्टर, मग नवरी, मग सगळं गाव. ढोल कडाडला. साखळी चर्चला वळसा घालून चौकात शिरली आणि सोनाराच्या दुकानासमोर आली. नाचणारे पाय फुटलेल्या काचा कडेला लोटत पुढे गेले. अगदी शेवटी, टोपी बगलेत मारून, पावलं चुकवत, फौजदार वेल्को धापा टाकत येत होता.

"अहो, जरा सावकाश!" तो ओरडला.

पुढचं टोक तोवर कोपऱ्याआड गेलं होतं, आणि योर्दाना मोठ्यानं गात होती.